तळमजल्यावरची खोली

मंगळवार, ६ मार्च

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सगळी काळजी आईच्या डोक्यावर ओतू नका. एक वही घ्या आणि त्यात लिहा." म्हणून ही वही. लिफ्टच्या देखभालीचे अहवाल सोडले तर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. तेव्हा हेही त्याच चालीवर जाणार.

तर परिस्थिती अशी. बायकोच्या हृदयाची झडप दुरुस्त करून घेतली त्याला वर्ष होत आलं. ती टपाल कचेरीत पुन्हा रुजू झाली आहे. पूर्वीसारखी खिडकीवर बसते. पार्सलं तिला उचलू द्यायची नाहीत असं मी तिच्या साहेबांना जाऊन सांगून आलो आहे. हे तिला माहीत नाही. घरी जिना चढताना मी तिच्या मागे असतो. बाजारातली पिशवी मी धरतो. रात्री तिची गोळी मी काढून ठेवतो. म्हणजे यंत्रणा नीट चालली आहे.

आज जेवताना ती म्हणाली, "अहो, आपण दोघंच कुठेतरी जाऊ या ना. समुद्रावर. दोन दिवस तरी."

"तुला झेपेल का?"

"मला झेपेल हो. समुद्राचं काय ते त्याला विचारा."

अशी थट्टा तिने बऱ्याच दिवसांत केली नव्हती. मी लगेच हो म्हणालो. तिला समुद्र बघायचा आहे ना, मग दाखवू. लोकांना रोज वर नेऊन सुखरूप खाली आणणं हे माझं कामच आहे. एका बाईला दोन दिवस समुद्रावर नेऊन आणणं काही अवघड नाही.


शुक्रवार, ९ मार्च

चौकशीला लागलो. मोठ्या हॉटेलांना लिफ्ट आहे, पण समुद्रकाठच्या लिफ्टवर माझा विश्वास नाही. खारी हवा सगळं खाते. दारांचे सांधे, बटणांच्या मागच्या तारा, सगळं. वरून रंग मारलेला असतो आणि आत भुगा झालेला असतो. तेव्हा तळमजलाच हवा.

शेवटी एक लहानसं गेस्टहाऊस सापडलं. फोन मालकीणबाईंनीच उचलला. मी विचारलं, तळमजल्यावर खोली आहे का, खोलीतून समुद्र दिसतो का, पायऱ्यांना कठडा आहे का, न्हाणीघराची फरशी घसरडी आहे का, जवळचा दवाखाना किती लांब, आणि तिथे हृदयाचे डॉक्टर असतात का.

बाई म्हणाल्या, "बरोबर कुणी आजारी माणूस आहे का?"

"नाही, बायको आहे."

त्या हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. पण खोली चांगली वाटते. समोर ओटा आहे, ओट्यावर दोन खुर्च्या. तिथे बसून ती समुद्र बघेल. पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार-रविवार ठरवला. शुक्रवारी दुपारी निघायचं.

तिला सांगितलं तर म्हणाली, "ओट्यापासून पाणी किती लांब?"

"चांगलं लांब आहे, काळजी करू नकोस."

"हं," म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.


बुधवार, १४ मार्च

तिला कचेरीतून यायला उशीर होतो आहे. परवा झाला, आज पुन्हा. म्हणते काम वाढलंय. टपाल कचेरीत आजकाल कुठलं काम वाढतं? कोण पत्र लिहितं?

आज आली तेव्हा केस ओले होते. म्हटलं, पाऊस नाही, काही नाही, केस कसे ओले? म्हणाली, "उकडत होतं. नळाखाली डोकं धरलं." आणि जवळून गेली तेव्हा तिच्या अंगाला दवाखान्याचा वास आला. तोच तो, फरश्या पुसायच्या औषधाचा. ऑपरेशनच्या महिन्यात हा वास माझ्या नाकात असा बसला आहे की झोपेतही ओळखेन.




सोमवार, १९ मार्च

डोळे लाल. डोळ्यांभोवती काळपट वर्तुळं, अगदी ठसा उमटवल्यासारखी. रडते आहे. माझ्यासमोर नाही, बाहेर कुठेतरी जाऊन रडून येते.

उलट जेवण वाढलंय. आज तिने दोनदा भात वाढून घेतला आणि वर माझ्या ताटातला मासाही उचलला. नवीन औषधाने भूक वाढत असावी. खांदे दुखतात म्हणाली, मलम चोळून घेतलं. डावा खांदा जास्त दुखतो म्हणाली. डावा!  मलम चोळताना मी डॉक्टरांचा नंबर आठवत होतो. ती मात्र मजेत गुणगुणत होती. मला कळू नये म्हणून किती करते बिचारी.


मंगळवार, २० मार्च

आता शंका उरली नाही. संध्याकाळी मी लवकर घरी आलो. ती स्वयंपाकघरात मुलीशी फोनवर बोलत होती. मी चपला काढत होतो तेवढ्यात कानावर आलं:

"श्वास पुरत नाही गं अजून. मध्येच थांबावं लागतं. हो, हो, सांभाळून... बाबांना नको सांगूस एवढ्यात."

मी पुन्हा चपला घातल्या, बाहेर गेलो आणि बेल वाजवली. दार उघडून म्हणाली, "किल्ली विसरलात का?" मी हो म्हणालो.

मुलीलाही सामील करून घेतलंय. माझ्या मुलीला. वही लिही म्हणून मला सांगते आणि तिकडे सगळं तिला ठाऊक.


गुरुवार, २२ मार्च

आज मी तिच्या मागे गेलो. चांगलं दिसत नाही हे, पण दुसरा उपाय नव्हता. ती कचेरीतून निघाली, हातात ती निळी पिशवी. बसमध्ये पुढे बसली, मी मागे उभा. ती दवाखान्याच्या थांब्यावर उतरली. मीही उतरणार होतो, पण तेवढ्यात फोन वाजला. जुन्या व्यापारी इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत एक म्हातारी बाई. माझ्याखेरीज जवळ कुणी नव्हतं. बस सुटली आणि मी खिडकीतून बघत राहिलो. ती दवाखान्याच्या फाटकापाशी पोचली होती. पुढचं दिसलं नाही. पण दिसायचं राहिलंच काय होतं?

इमारतीत पोचलो. वर मशीन खोलीत इमारतीच्या रखवालदाराला पाठवलं आणि मी दाराशी थांबलो. आतल्या बाईंचा जीव टांगणीला लागलेला. मी नेहमीसारखी त्यांची समजूत घातली. म्हटलं, "आजी, घाबरू नका. लिफ्ट अडकली म्हणजे ब्रेक लागलाय. ब्रेक लागलेली लिफ्ट कुठे पडत नाही. तुम्ही आता या इमारतीतल्या सगळ्यात सुरक्षित जागी आहात."

आतून आवाज आला, "असेन हो सुरक्षित! पण मला बाहेर यायचंय ना!"

थोड्या वेळाने काढलं त्यांना. बाहेर येऊन त्यांनी मलाच दोन शब्द सुनावले. लोकांना कदर नसते.


शुक्रवार, २३ मार्च

डॉक्टरांकडे गेलो. तेच, ज्यांनी तिचं ऑपरेशन केलं. म्हटलं, खरं काय ते सांगा, माझी तयारी आहे.

"कशाचं खरं?"

"ती परत येऊ लागलीये तुमच्याकडे. लपवू नका."

"अहो, मागच्या तपासणीनंतर त्या आल्याच नाहीत. सगळे रिपोर्ट छान आहेत. फोनवर एकदा काहीतरी विचारलं त्यांनी, मी हो म्हटलं. बस."

"काय विचारलं?"

"ते त्यांनाच विचारा ना. एकाच घरात राहता." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुमचं ब्लडप्रेशर बघू या का जरा?"

बघितलं. वाढलेलं निघालं. मला गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करा म्हणाले. मी गेलो कशाला आणि आलो काय घेऊन! फोनवर काय विचारलं असेल? प्रवास करू का, असंच विचारलं असणार. आणि ते हो म्हणाले, कारण माणसाची शेवटची इच्छा मोडू नये असं या लोकांना शिकवलेलं असतं.

पुढे लिहवत नाही.


मंगळवार, २७ मार्च

गेस्टहाऊसला फोन करून खोली रद्द केली. मालकीणबाईंनी कारण विचारलं. म्हटलं, घरात अडचण आहे. तिला अजून सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे आहे? ती कपाटातून उन्हाळ्याचे कपडे काढून बाहेर ठेवते आहे, टोपी शोधते आहे. पण समुद्रकाठी, दोन तासांच्या अंतरावर एक साधा दवाखाना, आणि तिचा श्वास पुरत नसेल तर मी काय करू? माझ्या हातात असलेली दोरी मी सोडणार नाही. रागावली तर रागावू दे.


शुक्रवार, ३० मार्च

आज जे झालं ते सगळं क्रमाने लिहितो.

ती आली. दारातच उभी राहिली. केस ओले, डोळे लाल, हातात निळी पिशवी.

"खोली रद्द केलीत?"

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तिने ती दिली नाही.

"मी आज फोन केला होता तिथे. दुसरंच काहीतरी विचारायला. बाई म्हणाल्या, तुमच्या यजमानांनी मंगळवारीच नको म्हणून सांगितलं. घरात अडचण आहे म्हणे. कसली अडचण?"

"मला सगळं कळलंय," मी म्हणालो.

"काय कळलंय?"

मग मी सगळं सांगितलं. दवाखान्याचा वास, दवाखान्याचा थांबा, डोळे, डावा खांदा, फोनवरचं बोलणं. म्हटलं, "श्वास पुरत नाही तुझा, आणि मला सांगत नाहीस. मी काय परका आहे?"

ती चपलांच्या कपाटावर बसली. तोंडावर हात धरला. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. अंग गदगदा हलेपर्यंत हसली, आणि मग हसता हसता खरोखर रडायला लागली. मी पाणी आणलं. तिने पाणी बाजूला ठेवलं आणि पिशवी जमिनीवर उलटी केली.

ओला टॉवेल. पोहायचा काळा पोशाख, ओला. रबरी टोपी. डोळ्यांवर लावायचा पोहण्याचा चष्मा.

"हा माझा दवाखाना," ती म्हणाली. "खऱ्या दवाखान्याच्या मागे नगरपालिकेचा तलाव आहे. संध्याकाळी बायकांची वेळ असते. पोहायला शिकतेय मी."

मी त्या चष्म्याकडे बघत राहिलो. त्याच्या कडा अगदी तिच्या डोळ्यांभोवतीच्या वर्तुळांएवढ्या होत्या.

"पोहायला? तू? या हृदयाने?"

"याच हृदयाने. दुसरं कुठून आणू? डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणाले, खुशाल पोहा. फार लांब जायचं नाही, एकटीने जायचं नाही, दमल्यावर थांबायचं. श्वास पुरत नाही म्हणजे पाण्यात तोंड घातल्यावर पुरत नाही. कुणालाच पुरत नाही सुरुवातीला. शिकावं लागतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तलावाच्या काठावर खुर्ची टाकून बसला असतात."

 खरं म्हणजे तेव्हाही माझ्या डोक्यात हेच आलं होतं की काठावर खुर्च्या असतात का.

तिने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "मी बरी झालेय हो. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?"

मी तिचा टॉवेल उचलून वाळत घातला.


रविवार, १ एप्रिल

ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मुलीचा फोन आला. तिला सगळं सविस्तर कळलेलं होतं. "बाबा, तुम्ही आईच्या मागे बसमध्ये चढलात?" आणि हसून हसून तिला ठसका लागला. तिच्या नवऱ्याचाही मागून हसण्याचा आवाज. म्हणजे आता जावयाच्या डोळ्यांसमोर माझी ही शोभा.

आज दुपारी बायकोने स्वतः गेस्टहाऊसला फोन लावला. माझ्यासमोरच. तळमजल्यावरची खोली गेली होती. वरची आहे म्हणे, बाहेरून लोखंडी जिना. पाण्याकडे उतरायला खडकातल्या पायऱ्या. कठडा एकाच बाजूला.

"चालेल," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "या वेळी मी ठरवलंय सगळं. तुम्ही फक्त यायचं."

"मी येऊ?"

"एकटीने पोहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय ना."

हे प्रेमाने म्हणाली की टोमणा होता, कळलं नाही. पण बॅग भरायला घेतली.


शुक्रवार, ६ एप्रिल

पोचलो. बसने शेवटचा डोंगर उतरताना एका वळणावर समुद्र एकदम समोर आला. आधी निळी पट्टी, मग पसरत पसरत तिने सगळी खिडकी भरून टाकली. मागच्या बाकावरची लहान मुलं ओरडली. ती ओरडली नाही, पण तिने माझा हात धरला. भांडणानंतर पहिल्यांदाच.

लोखंडी जिना मी आधी हलवून बघितला. गंज आहे, पण वजन घेईल. मालकीणबाई बघत होत्या. "तुम्हीच का ते," असं म्हणाल्या. ठेंगण्या, जाड आवाजाच्या, उन्हाने रापलेल्या बाई आहेत.

खोलीतून सगळी खाडी, दीपगृह आणि खालचा वाळूचा अर्धगोल दिसतो. खडकातल्या पायऱ्या उतरलो आणि परत चढलो. चढताना मी तिच्या मागे होतो, नेहमीसारखा. अर्ध्यावर मला थांबावं लागलं. छातीत धाप. ती चार पायऱ्या वर उभी राहून बघत होती. "पिशवी द्या इकडे," म्हणाली. दिली.


शनिवार, ७ एप्रिल

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, पण लिहितो.

सकाळी ती पाण्यात उतरली. बाहेरून घातलेला सैल सदरा काढून तिने माझ्या हातात दिला. त्या काळ्या पोशाखात मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. दंड भरले आहेत. मान ताठ. मला क्षणभर आमच्या लग्नाच्या वेळची ती आठवली आणि उगाच लाजल्यासारखं झालं.

वाळूवर बरीच माणसं होती. ती कमरेइतक्या पाण्यात गेली, मग छातीइतक्या. मग आडवी झाली आणि हात मारायला लागली. लाट आली. डोकं दिसेनासं झालं. पुन्हा दिसलं. दुसरी लाट. पुन्हा दिसेना.

मी ओरडायला लागलो. किती ओरडलो मला आठवत नाही. "बाहेर ये! बाहेर ये! कुणीतरी बघा तिच्याकडे! हृदयाचं ऑपरेशन झालंय तिचं!" लोक उठून उभे राहिले. दोन तरुण पाण्यात धावले. ती उभी राहिली. पाणी तिच्या छातीपर्यंतच होतं. दोघांनी तिला दोन बाजूंनी धरून काठाला आणलं. ती त्यांना सांगत होती की मी बरी आहे, मला सोडा. एक बाई टॉवेल घेऊन धावली. सगळे तिच्याकडे बघत होते, छातीवरच्या व्रणाकडे बघत होते.

तिने सदरा माझ्या हातातून घेतला, अंगात चढवला आणि पायऱ्या चढून निघून गेली.

जेवताना मीच विषय काढला. म्हणालो, "चुकलं माझं. पण तू दिसेनाशी झालीस ना."

ती पावाचे तुकडे करत बसली. मग म्हणाली, "वर्षभर सगळे माझ्याकडे असेच बघताहेत. कचेरीत मला पार्सल उचलू देत नाहीत. कुणी सांगितलंय ते मला ठाऊक आहे. तलावात मला कुणी ओळखत नव्हतं. तिथे मी फक्त एक बाई होते, जिला पाय नीट मारता येत नव्हते. शिकवणारी माझ्यावर खेकसायची. इतकं बरं वाटायचं मला! आणि आज तुम्ही सगळ्या किनाऱ्याला सांगितलंत."

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"माझं आजारपण संपलं हो," ती म्हणाली. "तुमचं संपतच नाहीये."

तिला झोप लागली आहे. तोंड भिंतीकडे करून. उद्याची सकाळ तेवढी उरली आहे, दुपारी बस. उद्या मी खोलीतच थांबेन, असं ठरवलंय. मालकीणबाईंना सोबत जायला सांगेन. मी नसलो तर तिला बरं वाटेल.


रविवार, ८ एप्रिल. बसमध्ये

अक्षर हलतंय, पण आत्ताच लिहायचं आहे.

सकाळी उठलो तर वारा सुटलेला. लाटा खडकांवर आपटून वर उडत होत्या. वाळूवर लाल निशाण लावलेलं, म्हणजे पाण्यात उतरायला मनाई. तिने खिडकीतून बघितलं आणि पुन्हा अंथरुणावर पडली. पांघरूण डोक्यावरून घेतलं.

खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी काही केलं नव्हतं. वाऱ्याने केलं होतं. माझ्यावर बोल नाही आणि ती सुखरूप घरी येणार.

खाली चहा आणायला गेलो. मालकीणबाई अंगण झाडत होत्या. म्हणाल्या, "आज पुढचा किनारा बंद. पण त्या टेकाडाच्या पलीकडे एक लहान खाडी आहे. वाऱ्याच्या आडोशाला. तिथलं पाणी आजही परातीत ठेवल्यासारखं असेल. आम्ही मुलांना तिथेच पोहायला शिकवतो. निशाण लावणारा तिथे मनाई करत नाही." मग झाडू थांबवून माझ्याकडे बघितलं. "कालचं मी वरून पाहिलं. मी त्यांना काही सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं. तुम्ही ठरवा."

मी चहाचे दोन कप घेऊन लोखंडी जिन्यावर बसलो. वर गेलोच नाही. तिला हे कळायचं काही कारण नव्हतं. दुपारी बस होती. घरी गेल्यावर तिचा तलाव आहेच, तो बरा, चौकोनी, सिमेंटचा, पाणी किती खोल ते लिहिलेला. इथून न बोलता उठलो तर खोटंही बोलल्यासारखं होत नाही. कुणी विचारलंच नाही तर सांगायचं कशाला?

चहावर साय धरली. मी तसाच बसलो होतो. मग वरून तिची हाक आली, "अहो, चहा मिळाला नाही का?" अगदी मेलेला आवाज. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यातही तिचा आवाज असा नव्हता.

मी वर गेलो आणि सांगून टाकलं. खाडी, आडोसा, परातीसारखं पाणी, सगळं.

ती उठून बसली. माझ्याकडे बघत राहिली. "हे तुम्ही सांगताय?"

"मालकीणबाईंना सोबत ने. मी इथे थांबतो."

"त्यांना कशाला? तुम्ही चला की. फक्त ओरडू नका."

टेकाडावरची वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. याही वेळी ती पुढे आणि मी मागे होतो, पण राखण ती माझी करत होती. "इथे पाय जपून टाका, इथे दगड सुटा आहे." पलीकडे उतरलो आणि खरंच वारा थांबला. हिरवं पाणी, तळाचे गोटे दिसत होते. काठापासून थोड्या अंतरावर एक रिकामी होडी नांगरलेली. माणूस एकही नाही.

"त्या होडीपर्यंत जाते आणि येते," ती म्हणाली. "मध्ये दमले तर उताणी पडून राहीन. ते शिकलेय मी. तेव्हा मी बुडतेय असं समजू नका."

"बरं."

ती उतरली. मी काठावर उभा राहिलो. दोन्ही हात खिशात घातले आणि मुठी आवळून धरल्या. ती हळूहळू हात मारत होती, एकेक, अगदी विचार करून मारल्यासारखा. अर्ध्यावर उताणी झाली. मी ओरडलो नाही. ओठ चावून धरले. ती पुन्हा वळली, पुन्हा निघाली, आणि होडीला पोचली.

तिथे तिने नांगराचा दोर धरला. तोंड माझ्याकडे केलं. एक हात वर केला आणि काहीतरी ओरडली. मला शब्द कळले नाहीत. पुन्हा ओरडली. पुन्हा हात वर.

मी पाण्यात शिरलो. बूट, पँट, सगळ्यासकट. मला पोहता येत नाही हे मला माहीत होतं, पण ते त्या वेळी आठवलं नाही. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गार पाण्याने श्वास अडकला, पायाखालचा गोटा फिरला आणि मी तोंडावर पडलो. नाकातोंडात खारं पाणी. पाय टेकायला जागा शोधत होतो तेवढ्यात कुणीतरी माझी कॉलर धरून मला उभं केलं. ती होती. कधी आली कळलंच नाही. इतक्या झपाट्याने ती आयुष्यात कधी पोहली नसेल.

"कुठे निघालात?" ती धापा टाकत म्हणाली.

"तू हाक मारलीस."

"हाक? अहो, मी म्हणत होते, फोटो काढा! लेकीला पाठवायला. फोटो काढा, फोटो!"

मी खिशात हात घातला. फोन बाहेर काढला. त्यातून पाणी गळत होतं.

आम्ही दोघं छातीभर पाण्यात उभे राहून त्या फोनकडे बघत होतो. मग तिने माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. मला वाटलं रडते आहे. या वेळी मी लगेच ओळखलं, नाही, हसते आहे. मग मीही हसलो. हसता हसता खोकला आला, ती पाठीवर थापट्या मारत राहिली. "चला, बाहेर चला आधी, गारठलात," असं म्हणत मला हाताला धरून काठावर घेऊन आली.

आता बसमध्ये तिच्या बाजूला बसलोय. अंगावर तिचा सैल सदरा आहे, कारण माझा वाळलेला नाही. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी दोनदा वळून बघितलं. बघू देत. ती खिडकीला डोकं टेकून समुद्र दिसतोय तोवर बघते आहे.

फोन काही चालू होत नाही. म्हणजे फोटो नाही, आणि लेकीला दाखवायला काही नाही. म्हणून तो इथे लिहून ठेवतो.

पाणी हिरवं. होडीचा रंग उडालेला, पांढरी असावी कधीतरी. लेकीची आई दोर डाव्या हाताने धरून आहे, उजवा हात सरळ वर. केस कपाळाला चिकटलेले. छातीवरची व्रणाची रेघ उन्हात लख्ख दिसते आहे आणि तिला त्याचं भान नाही. तोंड उघडं, ओरडता ओरडता मधेच हसू फुटलेलं. पाठीमागे मोकळा समुद्र.

काठावर कोण आहे ते फोटोत दिसत नाही.